पुष्कराज आणि सुनेला : निम्मा गुण?

सांगलीच्या एका ताईंचे पत्र आले आहे आणि ते थांबण्यासारखे नाही. मुलाला कावीळ झाली. कुणीतरी गुरूचा खडा सुचवला, म्हणून सासूबाईंची पुष्कराजाची अंगठी काढली, तर सराफ म्हणाला, 'हा सुनेला आहे.' ताई विचारतात, सुनेल्यानं निम्मा तरी गुण येईल ना?

आधी खडा. पुष्कराज म्हणजे पिवळा नीलम. माणकाच्याच कुळातला, कुरुंदाचा, कठीणपणा ९. सुनेला म्हणजे पिवळा स्फटिक, कठीणपणा ७. आकड्यांत फरक दोनाचाच दिसतो, पण घरातल्या धुळीतही स्फटिकाचेच कण असतात. वर्षानुवर्षं पुसताना ते सुनेल्याच्या पैलूंच्या कडा झिजवतात. ताई, भिंगाखाली पाहा. कडा गोळीसारख्या गुळगुळीत झाल्या असतील, तर सराफाचं म्हणणं खरं असण्याची शक्यता मोठी. पुष्कराजाच्या कडा सासूबाईंच्या वयालाही दाद देत नाहीत.

पक्कं उत्तर पाण्यात मिळतं. मागे असाच एक खडा कोंदणातून काढून तोलला होता. हवेत ५.३० कॅरट, दोऱ्यानं पाण्यात लोंबकळवला तर ३.३०. घट दोनची. ५.३० ला दोननं भागलं, २.६५. स्फटिक! पुष्कराज असता तर भागाकार चारच्या आसपास आला असता. (टोपाझचा साडेतीन येतो. कोशांनी त्यालाही पुष्कराज म्हणून घोळ वाढवला आहे.) म्हणूनच सव्वापाच रत्तीचा सुनेला पुष्कराजाशेजारी चांगला थोराड दिसतो.

बाजारातला बहुतेक सुनेला जन्मानं पिवळा नसतोच. कटेला, म्हणजे जांभळा स्फटिक, भट्टीत तापवला की पिवळा होतो. तो कटेला आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांतही सापडतो. मला या रंगबदलाचं आजही अप्रूप वाटतं. तापवलेला म्हणून तो खोटा ठरत नाही. पुष्कराज म्हणून विकला, तर ती मात्र फसवणूक.

आता गुण. 'निम्मा' हा हिशेब जुन्या ग्रंथांतला नाही. रसशास्त्रात पुष्कराज दीपन-पाचन करणारा, कफवातावर चालणारा. स्फटिकाचा रोख पित्त आणि दाह शमवण्याकडे. म्हणजे कमी-जास्त नव्हे, कामच निराळं. शिवाय तिथे रत्न शोधन करून, भस्म किंवा पिष्टी होऊन पोटात जातं. बोटातल्या खड्यातून घामाबरोबर अंगात काही उतरत नाही. कुरुंद विरघळत नाही, स्फटिकही नाही. अंगठीनं कावीळ उतरते याला पुरावा नाही, मग खडा पुष्कराज असो वा सुनेला. पिवळ्या रोगाला पिवळा खडा, ही जोडी मनात चटकन बसते, यकृताला तिचा उपयोग नाही. डॉक्टरांचं औषध, पथ्य आणि रक्ततपासणी यांत एक दिवसही खंड पडू देऊ नका. आणि पुष्कराजासाठी कर्ज तर मुळीच काढू नका.

अंगठी मात्र मुलाला जरूर घाला, आजीची आहे. सैल होत असेल तर जोडकामाआधी सोनाराला खडा काढून ठेवायला सांगा. ज्योतीच्या धगीनं सुनेला तडकतो, कधी रंगही सोडतो.