जमीन सुधारली की कागद?

गेल्या महिन्यात आत्याचा फोन आला. "अगं, तू जमिनीवरच पीएचडी करतेस ना? मग सांग, सड्यावरची जागा देऊन टाकू का? एजंट गुंठ्याला वीस हजार म्हणतोय."

खरं सांगायचं तर मला पटकन उत्तर देता आलं नाही. जमिनीच्या बाजारावरचे पेपर वाचणं वेगळं आणि आत्याला 'दे' किंवा 'नको देऊ' सांगणं वेगळं. दोन दिवसांनी तिला जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहिते. तुमची जमीन कोकणात आणि नोकरी मुंबई-पुण्यात असेल, तर असा फोन तुम्हालाही कधीतरी येईलच.

धंदा ऐकायला सोपा आहे. गावात जमीन स्वस्तात घ्यायची, 'डेव्हलप' करायची आणि शहरातल्या माणसाला महाग विकायची. पण मधल्या काळात नेमकं काय सुधारतं? माझ्या मते तीन गोष्टी, आणि त्या वेगवेगळ्या मोजायला हव्यात.

पहिली गोष्ट : कागद. आमच्या सातबाऱ्यावर सतरा नावं आहेत. त्यातले चौघे वारले, त्यांची वारस नोंद झालेली नाही. एक चुलते बडोद्याला असतात, त्यांचा पत्ताच कोणाकडे नाही. अशी जमीन कोणीही सावध गिऱ्हाईक घेत नाही, म्हणून ती स्वस्त. मध्यस्थ काय करतो? वारस शोधतो, सह्या गोळा करतो, फेरफार करून घेतो, मोजणी आणून हद्दी कायम करतो. जमिनीत एक कुदळ न मारता तिची किंमत वाढते.

यातच बिनशेतीचा मुद्दा येतो. १९४८च्या कूळकायद्याच्या कलम ६३ नुसार, शेतकरी नसलेल्या माणसाला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. म्हणजे जमीन शेतीची आहे तोवर गिऱ्हाइकं मोजकीच. ती एनए झाली की शहरातला कोणीही घेऊ शकतो. माती तीच राहते, रांगेतली माणसं वाढतात आणि त्याबरोबर भाव चढतो.

दुसरी गोष्ट : प्रत्यक्ष काम. पोहोच रस्ता, चिऱ्याचं कुंपण, बोअर, विजेचा खांब, चार आंब्याची कलमं. यावर खरा खर्च होतो आणि त्याचा मोबदला मिळायलाच हवा.

तिसरी गोष्ट : जागा. शेजारून महामार्ग गेला, पूल झाला, की भाव वाढतो. यात मालकाचंही काही कर्तृत्व नाही आणि मध्यस्थाचंही नाही. अमेरिकन विचारवंत हेन्री जॉर्ज याने १८७९ मध्ये हाच मुद्दा मांडला होता: समाजामुळे वाढलेली जमिनीची किंमत समाजाला करातून परत मिळावी. तुम्हाला ते पटो न पटो, ही वाढ वेगळी ओळखायला शिकणं उपयोगाचं आहे.

आता एक हिशोब करू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. समजा दोन एकर, म्हणजे ८० गुंठे जमीन. खरेदी २०,००० रुपये गुंठा, एकूण १६ लाख. कागद, मोजणी, रस्ता, कुंपण धरून खर्च ८ लाख. दोन वर्षांनी विक्री ६०,००० ने, म्हणजे ४८ लाख. खर्च वजा जाता नफा २४ लाख.

हा नफा कशाचा? इथे संशोधनातली एक साधी युक्ती वापरू. शेजारची तशीच जमीन बघायची, जिला कोणी हात लावला नाही, जिचा सातबारा अजून तसाच अडकलेला आहे. समजा तिचा भाव त्याच दोन वर्षांत २०,००० वरून ३०,००० झाला. म्हणजे गुंठ्याला १०,००० ची वाढ निव्वळ जागेमुळे. ८० गुंठ्यांचे झाले ८ लाख. उरलेले १६ लाख कागद आणि कामाचे, तेही त्यांचा खर्च वसूल झाल्यावर. आणि या १६ लाखांतलं बरंचसं काम असं आहे, जे आत्यालाही करता आलं असतं.

मग घरचे ते का करत नाहीत? भांडणं, वेळ नाही, आणि 'मी पैसे घालायचे आणि हिस्सा सतरा जणांचा' हा विचार. मध्यस्थ खरं तर आपल्यातल्या बेबनावावरच कमावतो. तो नेहमी फसवतोच असंही नाही. वर्षानुवर्षं तहसील कार्यालयाच्या पायऱ्या झिजवणं हे काम आहेच, आणि कागद न सुटण्याची जोखीमही तोच घेतो. भोगवटादार वर्ग २ किंवा आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर परवानगीशिवाय व्यवहार पुढे सरकत नाही, आणि त्याचे पैसे अडकतात.

पण दोन ठिकाणी नक्की सावध राहा.

एक म्हणजे साठेखत. बऱ्याचदा मध्यस्थ जमीन स्वतःच्या नावावर करतच नाही. थोडा विसार देतो, साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र घेतो आणि तोवर गिऱ्हाईक शोधतो. त्यामुळे मुदत किती, ती उलटली तर काय, हे आधी वाचा. कुलमुखत्यारपत्र तर वकिलाला दाखवल्याशिवाय देऊच नका.

दुसरं म्हणजे 'थोडे चेकने, बाकी रोख'. हे बेकायदेशीर तर आहेच, पण त्याचा फटका गावालाही बसतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात मोबदला ठरवताना आधीच्या तीन वर्षांत आसपास नोंदवलेली खरेदीखतं बघितली जातात. आज तुम्ही खरेदीखतात कमी आकडा लिहिलात, तर उद्या रस्त्यासाठी शेजाऱ्याची जमीन गेल्यावर त्याचा मोबदला कमी धरला जाऊ शकतो. माझ्यासारख्यांची आकडेवारी बिघडते, ते सोडा.

तर आत्याला मी काय सांगितलं? विकायचं की नाही ते तू ठरव. पण आधी तीन कामं कर. चौघांची वारस नोंद तलाठ्याकडे टाक. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज दे. आणि सगळे हिस्सेदार तयार असतील तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप करून घे. हिश्श्यावरून वाद असेल तर मात्र दिवाणी न्यायालयात जावं लागेल. ही कामं झाली की मग भाव विचार. तेव्हा जो आकडा येईल तो तुझ्या जमिनीचा. आत्ताचा आकडा आपल्या अडकलेल्या सातबाऱ्याचा आहे.

आत्या थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे आधी बडोद्याच्या भाऊंना शोधायला हवं."

शोध चालू आहे. गणपतीला सगळे गावी येतील, तेव्हा सह्यांचे कागद मी बरोबर नेणार आहे.