ताप उतरल्यानंतरची वर्षे

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा होऊन पालघर राज्याचा ३६वा जिल्हा झाला. त्यानंतर इथे आलेल्या विषाणूंच्या साथींची नोंद रुग्ण किती, दगावले किती, याच आकड्यांत झाली. काही विषाणू मात्र ताप उतरला तरी मेंदू सोडत नाहीत.

गोवर हा त्याचा सर्वांत पक्का पुरावा. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्यात गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम सुरू झाली, शाळाशाळांतून मुलांना लस टोचली गेली. तरीही २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीत भडकलेली साथ भिवंडी, वसई-विरारपर्यंत आली. पुरळ काही दिवसांत मावळते. क्वचित एखाद्या मुलाच्या मेंदूत विषाणू दबा धरून बसतो आणि साधारण सहा ते दहा वर्षांनी ‘एसएसपीई’ हा मेंदूच्या दाहाचा आजार सुरू होतो. आधी अभ्यास घसरतो, स्वभाव बदलतो. मग अंगाला झटके येऊ लागतात आणि शेवटी मूल अंथरुणाला खिळते. दाह पसरतो तसा मेंदू झिजत जातो. हा आजार बरा करणारे औषध नाही.

मेंदूला धोका ठरणारे इतर विषाणूही जिल्ह्याच्या आसपास आले. २०२२ च्याच जुलैत तलासरी तालुक्यात झाईच्या आश्रमशाळेत झिकाचा रुग्ण आढळला. पुरंदरमधल्या बेलसरनंतर राज्यातला हा दुसरा. २०२४ च्या पावसाळ्यात शेजारच्या गुजरातेत चंडीपुरा विषाणूने मुलांना गाठले. नागपूरकडच्या चंडीपुऱ्यात १९६५ साली सापडलेला हा विषाणू वाळूमाशीमार्फत पसरतो आणि थेट मेंदूवर घाला घालतो.

जगभरचे संशोधनही याच काळात पुढे सरकले. २०२२ मध्ये अमेरिकी सैन्यातल्या सुमारे एक कोटी लोकांच्या नोंदींवरून दिसले, की एपस्टाईन-बार विषाणूच्या संसर्गानंतर मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराचा धोका ३२ पट वाढतो. २०२३ मध्ये फिनलंड आणि ब्रिटनच्या आरोग्य-नोंदींत विषाणूजन्य मेंदूज्वर आणि अल्झायमर यांचा ठळक संबंध आढळला. अल्झायमरच्या बाबतीत मात्र हा संबंधच आहे. विषाणू हेच कारण, असे अजून सिद्ध झालेले नाही.

गोवराबाबत तशी शंका उरलेली नाही. २०२२ च्या साथीतल्या मुलांसाठी धोक्याचा काळ २०२८ च्या सुमारास सुरू होईल. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांमागे गाव बदलत फिरणाऱ्या कुटुंबांत लसीचा दुसरा डोस राहून जाण्याची भीती अधिक. तो सोळा ते चोवीस महिन्यांच्या वयात सरकारी केंद्रात मोफत मिळतो. आपल्या चाळीतल्या, पाड्यावरच्या मुलांची लसीकरणाची कार्डे एकदा तपासून पाहा.