जाहिरातीत प्रेम, पडद्यावर जात

सिनेमा मुंबईत तयार होतो. तो परभणीत लागणार की नाही, लागला तर कोणत्या खेळाला आणि किती दिवस, हे परभणीचा प्रेक्षक ठरवत नाही. पालम, सोनपेठ, मानवतची तर गोष्टच सोडा. आमच्या समाजात सिनेमावर चर्चा भरपूर होते. दिग्दर्शक आपला की त्यांचा, शेवट बरोबर की चूक, यावर रात्र रात्र वाद चालतात. पण सिनेमा विकला कसा जातो, यावर कोणी बोलत नाही. जातीचा सवाल पडद्यावर आला तरी तो आपल्या माणसापर्यंत पोहोचतो की वाटेतच अडतो, हे मात्र तिथेच ठरते.

सिनेमाच्या धंद्याने देशाचे आपल्या सोयीने भाग पाडले आहेत. त्यांना टेरिटरी म्हणतात. त्या नकाशात मुंबई-पुणे एकीकडे, विदर्भ सी. पी. बेरारमध्ये आणि आपला मराठवाडा ‘निजाम’ टेरिटरीत. निजामाचे राज्य सप्टेंबर १९४८ मध्ये गेले, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, पण हिंदी सिनेमाच्या वितरकांच्या वहीत परभणी कितीतरी वर्षे निजामाचीच राहिली! रिळांचा जमाना होता तेव्हा एकेका प्रिंटला हजारो रुपये लागत. म्हणून प्रिंटा मोजक्या निघत. त्या आधी मोठ्या शहरांत झिजत आणि ओरखडे पडलेली पेटी मग आमच्याकडे येई. आता उपग्रहावरून सिनेमा एकाच शुक्रवारी सगळीकडे उतरतो. पण पडदा कोणाला द्यायचा, हा निर्णय उपग्रह घेत नाही.

‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ या चित्रपटाचेच पाहा. केंद्राचे सामाजिक न्याय मंत्रालय आणि महाराष्ट्र शासन यांच्या पैशातून एनएफडीसीने तो काढला. दिग्दर्शक जब्बार पटेल, पटकथेत सूनी तारापोरवाला, अरुण साधू आणि ‘बलुतं’कार दया पवार. पवार तर सिनेमा पूर्ण होण्याआधीच, १९९६ मध्ये गेले. मामुट्टी या मल्याळी नटाने बाबासाहेब उभे केले आणि त्यांना उत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. इंग्रजीतील उत्कृष्ट चित्रपट म्हणून सिनेमाचाही गौरव झाला. २००० साली तो प्रदर्शित झाला. पुढे काय? मायबाप सरकारने सिनेमा बनवला, पण प्रेक्षकापर्यंत नेला नाही. तमिळ भाषेतला सिनेमा तामिळनाडूत लागावा म्हणून कार्यकर्त्यांना मद्रास उच्च न्यायालयात जावे लागले आणि तो डिसेंबर २०१० मध्ये लागला. दहा वर्षे! सरकारी सिनेमा सरकारकडूनच सोडवून घेण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते, यावर आणखी काय बोलावे?

मग आपल्या लोकांनी तो पाहिला कसा? दीक्षाभूमीवरून, चैत्यभूमीवरून परतताना पुस्तकांबरोबर सीडी पिशवीत टाकून आणली. परभणी जिल्ह्यातल्या एका वस्तीत आम्ही तो जयंतीच्या आदल्या रात्री पाहिला. टीव्ही आणि सीडी प्लेयर भाड्याचा, वर्गणी घरटी दहा रुपये. चवदार तळ्याचा प्रसंग सुरू असताना वीज गेली. कोणी उठून गेले नाही. म्हाताऱ्या बाया अंधारात पदर सावरून बसून राहिल्या, तास-दीड तासाने वीज आली आणि पुन्हा पहिल्यापासून सिनेमा लावावा लागला. तिथे ना पोस्टर होते ना जाहिरात. पण वस्तीतल्या त्या गर्दीची नोंद कोणत्याही वितरकाच्या वहीत झाली नाही. म्हणून पुढचा सिनेमा घेऊन कोणी गेले की धंदेवाले म्हणतात, ‘या विषयाला प्रेक्षक नाही.’

आता खासगी कंपन्यांचा बाजार पाहा. नागराज मंजुळे यांचा ‘फॅंड्री’ १४ फेब्रुवारी २०१४ रोजी, प्रेमिकांच्या दिवशी, लागला. अजय-अतुल यांचे प्रेमाचे गाणे जाहिरातीसाठी गाजवले गेले. थिएटरात गेलेल्याला दिसले ते वेगळेच : शाळेच्या भिंतीवर महामानवांची चित्रे आणि तिच्यासमोरून काठीला डुक्कर बांधून नेणारे कैकाडी कुटुंब. २०१६ च्या ‘सैराट’चे तेच. गाणी आधी गावागावांत पोहोचली, ज्यांचा सिनेमा त्यांच्याच वाहिनीवरच्या ‘चला हवा येऊ द्या’मध्ये कलाकार झळकले, पोस्टरवर आर्ची आणि परश्या. शेवटचे रक्त जाहिरातीत कुठेच नव्हते. सिनेमाने शंभर कोटींच्या घरात धंदा केला. २०२२ च्या ‘झुंड’मध्ये अमिताभ बच्चन बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे उभे राहतात, पण जाहिरात झाली ती फुटबॉलची आणि बच्चन यांची.

यात मंजुळे यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी जात दडवली नाही, उलट ज्याने तिकीट प्रेमकथेचे काढले त्याच्या तोंडावर ती फेकली. आम्हाला तर ते आवडलेच. सवाल बाजाराचा आहे. जातीचे नाव पोस्टरवर आले की सवर्ण प्रेक्षक येणार नाही, ही धंद्याची पक्की समजूत आहे. म्हणजे जाहिरात कोणाला डोळ्यापुढे ठेवून होते? ज्याच्या दुःखावर सिनेमा, त्याला नाही. तो येणारच, असे गृहीत धरलेले असते. आणि ‘जयंती’सारखा सिनेमा नोव्हेंबर २०२१ मध्ये नावातच सगळे सांगून येतो, तेव्हा त्याच्यामागे ना वाहिनी असते ना मोठी कंपनी. कार्यकर्त्यांनी मोबाइलवरून निरोप पाठवावेत, हीच त्याची जाहिरात.

तारखेचेही राजकारण असते. ‘फुले’ हा हिंदी चित्रपट ११ एप्रिल २०२५ रोजी, जोतीरावांच्या जयंतीला यायचा होता. ११ ते १४ एप्रिल या चार दिवसांत आमचा माणूस घराबाहेर असतो, निळा रुमाल गळ्यात असतो, खिशात चार पैसे असतात. यापेक्षा मोठी जाहिरात कोणती? ट्रेलर पाहून ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले, सेन्सॉर बोर्डाने महार, मांग, पेशवाई हे शब्द काढायला लावले आणि सिनेमा २५ एप्रिलला आला. मिरवणुका संपल्या होत्या, मांडव उतरले होते. कात्रीने शब्द गेले याची ओरड झाली, तारीख गेली याची कोणी केली नाही. १९५४ साली आचार्य अत्रे यांच्या ‘महात्मा फुले’ चित्रपटाच्या मुहूर्ताला बाबासाहेब स्वतः हजर राहिले होते. सिनेमा हे काय हत्यार आहे, हे त्यांना कळत होते.

शुक्रवार, शनिवार, रविवार या तीन दिवसांत सिनेमाचा निकाल लागतो. मल्टिप्लेक्समध्ये पहिल्या आठवड्यात निर्मात्याचा वाटा मोठा असतो, पुढे तो उतरत जातो. त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात ‘बघू सवडीने’ म्हणणाऱ्याचा निर्मात्याला फारसा उपयोग नाही, आणि चोरून उतरवलेला सिनेमा मोबाइलवर फिरवणाऱ्याचा तर मुळीच नाही. जयंती मंडळे डीजेवर जो खर्च करतात त्यातला थोडा बाजूला काढून पहिल्या रविवारचा एक खेळ आधीच घेतला, तर थिएटरमालक पोस्टर स्वतः लावील. पण तालुक्याच्या माणसाला हेही सोपे नाही. जिंतूरहून परभणीला यायचे, तर चार जणांच्या घराला जाण्यायेण्याचे भाडे, तिकिटे आणि बुडालेली मजुरी धरून एक सिनेमा कितीला पडतो, हा हिशेब मुंबईच्या जाहिरातवाल्यांनी अजून मांडलेला नाही.