घरासाठी केर काढणारा यंत्रमानव निवडताना

आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे, हे वाक्य आपण सर्वांनी शाळेच्या निबंधात लिहिले आहे. परंतु तेच विज्ञान आपल्या दिवाणाखाली आणि कपाटामागे शिरू लागले की आपण गोंधळतो. गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या सभासदांपैकी काही घरांत भाकरीच्या तव्यासारखे गोल, चपटे आणि आपोआप फिरणारे केर काढण्याचे यंत्र आले आहे. इंग्रजीत त्याला रोबोट व्हॅक्यूम क्लीनर म्हणतात. मी बँकेत असल्यामुळे हप्त्याने काही घ्यायचे झाले की लोक मला विचारतात, आणि हे यंत्र आमच्या घरी असल्यामुळे दुप्पट विचारतात. तेव्हा एकदाच सविस्तर लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले.

विद्यार्थी मित्रांसाठी आधी शब्दाची गोष्ट सांगतो. ‘रोबोट’ हा शब्द कारेल चापेक या झेक लेखकाच्या १९२० सालच्या ‘आर.यू.आर.’ या नाटकातून जगभर गेला. झेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे सक्तीची मजुरी, आपल्या भाषेत वेठबिगार. वेठबिगार म्हणजे काय, हे आपल्या आजोबा-पणजोबांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. महार वतनाच्या नावाखाली चाललेली ही वेठ मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. आणि झाडूविषयी काय बोलावे? पेशव्यांच्या राजधानीत, पुण्यात, अस्पृश्याला कमरेला झाडू बांधून स्वतःच्या पावलांची धूळ मागच्या मागे पुसत चालावे लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये नमूद केले आहे. राजगृहाचा झाडूवाला सुनीत तथागतांच्या संघात आला, ही कथा त्यांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात आवर्जून घेतली. त्यामुळे केर कोणी काढायचा, हा प्रश्न आपल्याकडे फक्त घरकामाचा कधीच नव्हता.

माझ्या आईने नगरपालिकेत सव्वीस वर्षे खराटा मारला. निवृत्तीनंतरही घरातली केरसुणी तिने कोणाच्या हाती जाऊ दिली नाही. गुडघे गेले तेव्हा डॉक्टरांनी वाकायचे बंद करा म्हणून सांगितले. सौ. सकाळी साडेआठला शाळेत जाते, मी नऊला बाहेर पडतो. मागे आई एकटी, आणि तिला धूळ दिसली की चैन पडत नाही. त्यापायी आम्ही हे यंत्र घेतले. हौस हा भाग त्यात नव्हता, असे मात्र म्हणत नाही.

आता यंत्राकडे वळू. व्हॅक्यूम क्लीनर धूळ ‘ओढतो’ असे आपण म्हणतो. खरे पाहता आतला पंखा हवा बाहेर फेकतो, आत दाब कमी होतो आणि बाहेरची हवा त्या पोकळीकडे धावताना धूळ घेऊन जाते. ही युक्ती लंडनच्या ह्युबर्ट बूथ यांनी १९०१ साली अमलात आणली. त्यांचे पहिले यंत्र घोडागाडीवरून न्यावे लागे आणि नळ्या खिडकीतून घरात सोडाव्या लागत. तेथपासून पलंगाखाली शिरणाऱ्या यंत्रापर्यंत यायला शंभर वर्षे लागली. २००१ साली स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्स कंपनीने ‘ट्रायलोबाइट’ आणले आणि २००२ साली अमेरिकेच्या आयरोबोट कंपनीची ‘रूम्बा’ आली.

निवडताना सर्वांत महत्त्वाचा प्रश्न म्हणजे यंत्राला वाट कशी कळते. जाहिरातीत तो शेवटी असतो. जुन्या व अगदी स्वस्त यंत्रांना वाट कळतच नाही. भिंतीला धडकायचे, वळायचे, पुन्हा धडकायचे, असा त्यांचा कारभार. त्यात एक कोपरा तीनदा झाडला जातो आणि दुसरा तसाच राहतो. त्यावरच्या प्रकारात आपण किती वळलो हे मोजणारा जायरोस्कोप असतो. हे यंत्र नांगरल्यासारखे ओळीने जाते, परंतु उचलून दुसरीकडे ठेवले की बिचारे भांबावते. तिसऱ्या प्रकाराच्या डोक्यावर छोटी टोपी असते. तिच्यात लेसरचा डोळा गरगर फिरतो, किरण भिंतीवर आपटून परत येतो, आणि त्यावरून अंतर मोजून घराचा नकाशा तयार होतो. याला लायडार म्हणतात. हा डोळा अंधारातही चालतो. काच आणि आरसा यांच्यापुढे मात्र तो फसतो, कारण किरण आरपार जातो किंवा भलतीकडे वळतो. चौथ्या प्रकारात कॅमेरा असतो, त्याविषयी पुढे सांगतो. माझे स्पष्ट मत असे की एका खोलीपेक्षा जास्त घर असेल तर लायडारखालचे यंत्र घेऊ नये. त्यासाठी इतर चार सोयी सोडाव्या लागल्या तरी चालेल.

परंतु या टोपीमुळे यंत्राची उंची साधारण साडेनऊ-दहा सेंटिमीटर होते. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी टेप घेऊन पलंग, दिवाण आणि कपाट यांच्याखालची जागा मोजावी. जेथे हात पोचत नाही तेथली धूळ निघावी म्हणून तर हे यंत्र घ्यायचे! ते तेथेच शिरणार नसेल तर पैसे कशाला घालवायचे? हल्ली आठ सेंटिमीटरच्या आसपासची यंत्रेही निघाली आहेत, पण ती महाग असतात.

दुसरे माप उंबरठ्याचे. बहुतेक यंत्रे दोन सेंटिमीटरपर्यंतचा उंबरठा चढतात. आमच्या आतल्या खोलीची संगमरवरी पट्टी निघाली तीन सेंटिमीटरची. हे मी यंत्र आणल्यावर मोजले! बँकेत तीस वेळा सही तपासणारा माणूस घरी असा वागतो. आता रोज संध्याकाळी यंत्र उचलून पलीकडे ठेवावे लागते. ते साडेतीन-चार किलोचे असल्याने आईला उचलू देत नाही.

मोरीची पायरी आणि जिना यांची भीती फारशी नको. यंत्राच्या पोटाला अदृश्य किरण सोडणारे डोळे असतात. खालून प्रकाश परत आला नाही की पुढे खड्डा आहे, असे समजून ते मागे फिरते. मात्र काळीभोर लादी किंवा काळी सतरंजी प्रकाश शोषून घेते आणि यंत्राला तेथेही खड्डा दिसतो. ओल्या मोरीत त्याला सोडू नये. साधी यंत्रे पाणी ओढण्यासाठी बनविलेली नसतात.

आपल्या घरांतील एक खास अडचण सांगतो. तथागतांची व बाबासाहेबांची प्रतिमा ज्या टेबलावर असते, त्यावरचे पांढरे कापड बहुधा जमिनीपर्यंत लोंबते. आमच्या यंत्राच्या बाजूच्या कुंच्याने एकदा ते पकडले आणि फुलदाणी खाली आली. प्रतिमा भिंतीवर होती म्हणून निभावले. तेव्हापासून कापडाला टाचण्या लावल्या आहेत. पौर्णिमेच्या वंदनेला जमिनीवर मेणबत्त्या लावतो, तेव्हा यंत्राची वेळ बंद ठेवावी. ते ठरल्या वेळी आपणहून निघते, हे आपण विसरतो, ते विसरत नाही. विझलेल्या अगरबत्तीची गरम राखही त्याला ओढू देऊ नये.

आता पास्कलविषयी. पास्कल हे दाबाचे माप आहे. एका यंत्रावर २,००० पास्कल लिहिलेले असते, दुसऱ्यावर २०,०००. गिऱ्हाईक म्हणते, दहापट चांगले. हा आकडा यंत्राच्या सर्वांत जोरदार वेगाचा असतो. त्या वेगाने चालविले तर आवाज फार होतो आणि बॅटरीही लवकर संपते. शिवाय धूळ निघणे हे हवा किती वाहते आणि कुंचा लादीला कसा टेकतो, यावरही अवलंबून असते. दाट गालिच्यात रुतलेली धूळ काढायला जास्त दाब लागतो. आपल्याकडे बहुतेक घरांत लादीच आहे. तिच्यासाठी तीन-चार हजार पास्कल पुष्कळ झाले. तथागतांनी कालामांना सांगितले की परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून पाहा. त्या यादीत आज जाहिरातीची भर घालायला हरकत नसावी.

लादी पुसण्याच्या सोयीचेही तसेच. स्वस्त यंत्र ओले फडके नुसते मागे ओढत नेते. त्याने धूळ बसते, पण सांडलेल्या चहाचा किंवा वरणाचा डाग निघत नाही. गोल फिरणारी, दाबून पुसणारी फडकी असलेली यंत्रे बरीच बरी. फडके आपणहून धुणारे, केर मोठ्या पिशवीत रिकामा करणारे स्थानक असलेली यंत्रेही मिळतात. परंतु किंमत पंधरा-वीस हजारांवरून लाखाच्या घराकडे सरकते, आणि त्या स्थानकाला लहान तिजोरीएवढी जागा लागते. दोन खोल्यांच्या घरात ते कोठे ठेवणार? त्याशिवायच्या यंत्राचा डबा अर्ध्या लिटरच्या आतला असतो. तो रोज झटकायचा आणि कुंच्यातले लांब केस आठवड्यातून एकदा कात्रीने कापायचे, एवढे काम आपल्याला उरतेच.

कॅमेऱ्याचे यंत्र घेताना दहा वेळा विचार करावा. २०२२ साली ‘एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू’ने उघडकीस आणले की चाचणीसाठी दिलेल्या रूम्बा यंत्रांनी घरात टिपलेली छायाचित्रे, त्यांत शौचालयात बसलेल्या एका स्त्रीचेही, पुढे समाजमाध्यमांवर फिरली. ती चाचणीची यंत्रे होती, विक्रीची नव्हती, हे खरे. पण २०२४ साली अमेरिकेत लोकांनी विकत घेतलेल्या इकोव्हॅक्सच्या काही यंत्रांचा परक्यांनी दुरून ताबा घेतला आणि त्यांच्या ध्वनिक्षेपकातून घरच्यांना शिवीगाळ केली. लायडारला भिंत दिसते, माणसाचा चेहरा दिसत नाही. मला तेवढे पुरे वाटते. यंत्रावर साधे दाबायचे बटण आहे ना, हेही पाहावे. आमच्या आईला मोबाइल नको असतो, ती अंगठ्याने बटण दाबते.

पैशाची बाजू माझ्या नेहमीच्या कामाची. ‘बिनव्याजी हप्ता’ हा शब्द ऐकला की सावध व्हावे. २०१३ च्या सप्टेंबरमध्येच रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही नसते. क्रेडिट कार्डावर २४,००० रुपयांचे यंत्र सहा हप्त्यांत घेतले आणि व्याज वार्षिक १५ टक्के धरले, तर सुमारे हजार रुपये व्याज होते. तेवढी सूट विक्रेता आधी देतो आणि बँक ते व्याज नंतर घेते. परंतु व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकशेऐंशीच्या आसपास, आणि प्रक्रिया शुल्क हे आपल्या खिशातून जाते. रोखीची सूट बुडते ती निराळी. रक्कम छोटी आहे, पण तिला शून्य म्हणू नये. विजेची चिंता मात्र नको. १४.४ व्होल्टची ५,२०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण भरली तर ७५ वॅट-तास होतात. भरताना वाया जाणारी वीज धरली तरी रोजचा एक दशांश युनिट, महिन्याचे तीन. खरा खर्च बॅटरी, कुंचे आणि गाळणी बदलण्याचा. हे सुटे भाग आपल्या गावात मिळतात का, हे आधी विचारावे. कंपनी मोठी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. ज्या आयरोबोटने हा बाजार उभा केला, तिलाही डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी अर्ज करावा लागला.

शेवटचा प्रश्न दुकानात कोणी विचारत नाही. आमच्याकडे भांडी, केर, लादीला एक ताई येतात. यंत्राचा खोका पाहिला त्या दिवशी त्या म्हणाल्या, ‘‘दादा, आता केराचं काम बंद का माझं?’’ मी सारवासारव केली, पण रात्री झोप लागली नाही. केर-लादीचे आठशे रुपये आमच्यासाठी एका हॉटेलातल्या जेवणाएवढे, त्यांच्यासाठी मुलीच्या शिकवणीची फी. आई म्हणाली, ‘‘मी खराटा सोडला तेव्हा मला पेन्शन होती, हिला काय आहे?’’ आम्ही पैसे कमी केले नाहीत. केराऐवजी खिडक्या आणि कपाटांच्या वरची धूळ त्यांच्याकडे दिली, त्याही खूष आहेत असे दिसते. परंतु त्या ज्या आणखी चार घरी जातात, त्यांपैकी एका घरी यंत्र आले आणि तेथले केराचे काम गेले. वाकण्यापासून सुटका व्हावी, हे मी आईसाठी मागितले. तीच सुटका त्यांना पगार कापून मिळाली. याचे उत्तर मला सापडलेले नाही. निदान एवढे करता येते की २००८ च्या महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ कायद्याखाली आपल्या घरी येणाऱ्या बाईंची नोंदणी झाली आहे का, हे विचारावे आणि नसेल तर कागदपत्रांसाठी त्यांच्याबरोबर जावे. आमच्या ताईंचा अर्ज मी भरून दिला आहे.

ज्यांना यंत्र प्रत्यक्ष चालताना पाहायचे आहे, त्यांनी कोणत्याही रविवारी सकाळी वंदनेनंतर आमच्या घरी यावे. येताना पलंगाखालची उंची आणि उंबरठ्याचे माप कागदावर लिहून आणावे. यंत्र दाखविण्याचे काम आई करते.