कोणतं ‘शक्य नाही’?

समजा नंदुरबार जिल्ह्यातल्या धानोऱ्याहून तोरणमाळला सहल निघाली आहे. कुणी म्हणालं, ‘‘चालतच जाऊ या!’’ तर तुम्ही लगेच ओरडाल, ‘‘इम्पॉसिबल!’’

थांबा हं. दोन आणि दोन पाच होणं, हे इम्पॉसिबल. तोरणमाळला पायी जाता येईल की! पण दिवसचे दिवस सातपुडा चढायचा, पाय सुजवून घ्यायचे, शाळा बुडवायची, तेही एस.टी. असताना? याला इंग्रजीत म्हणतात ‘इम्प्रॅक्टिकल’. करता येतं, पण करण्यात शहाणपण नाही.

शब्दाची शेपटी जराशी बदलली, की होतं ‘इम्प्रॅक्टिकेबल’. म्हणजे बेत कागदावर झकास, पण प्रत्यक्षात उतरतच नाही. (परीक्षेत इथेच गफलत होते, बरं का!) आणि पैसा, माणसं, वेळ यांचं गणितच जुळत नसेल, तर ‘अनफीझिबल’. कुणी ‘इन्फीझिबल’ लिहितात, तेही चालतं.

एवढा कीस कशाला? याच जिल्ह्यात नर्मदाकाठी पाहा. सरदार सरोवराच्या पाण्याकाठच्या डोंगरातल्या पाड्यांवर जीपने डॉक्टर पाठवणं इम्प्रॅक्टिकेबल. त्यालाच ‘इम्पॉसिबल’ म्हणून सगळे गप्प बसले असते, तर तापाने फणफणलेल्या बाळाला औषध कुणी दिलं असतं? जीप जात नाही, पण बोट तर जाते! म्हणून तिथे पाण्यावरून तरंगता दवाखाना गेला.

आता सायकल मागितल्यावर बाबा ‘शक्य नाही’ म्हणाले, तर हळूच विचारा, ‘‘बाबा, यातलं कोणतं?’’