लग्नमंडपातली मेडिया

उंच कमानींच्या मंदिरात लग्न लागतं आहे. वेदीपुढे वधूवर गुडघे टेकून बसले आहेत, भोवती माणसांची दाटी आहे, आणि विवाहाची देवता जुनो, म्हणजेच ग्रीकांची हेरा, आपल्या मोरासह हा सोहळा पाहते आहे. उजेड सगळा तिकडे. खाली उजव्या कोपऱ्यात मात्र काळोखात एक बाई उभी आहे. तिच्या झग्याचा लांब घोळ मागे सेवकाने उचलून धरला आहे. तिच्या हाती खंजीर आणि विष आहे. ही नवरदेवाची पहिली बायको, मेडिया.

रेम्ब्रांटने हे एचिंग १६४८ मध्ये ॲमस्टरडॅमला केलं, ते त्याचा स्नेही यान सिक्स याच्या ‘मेडिया’ या शोकांतिकेच्या पुस्तकासाठी. सिक्स सधन घरातला, कवी आणि कलासंग्राहक. पुढे १६९१ मध्ये तो शहराचा महापौर झाला.

मेडिया कोल्किसची, म्हणजे आजच्या जॉर्जियातल्या काळ्या समुद्राकाठची राजकन्या. सोनेरी लोकर न्यायला आलेल्या जेसनसाठी तिने बापाशी वैर घेतलं, मंत्रविद्या पणाला लावली. माहेर कायमचं तुटलं. पुढे कोरिंथमध्ये, मुलं पदरात असताना, जेसनने राजा क्रेऑनची मुलगी क्रेउसा हिच्याशी घरोबा केला. मेडियाने पाठवलेल्या विषारी पोशाखाने नवरी जळून मेली आणि मेडियाने स्वतःच्या मुलांनाही मारलं. युरिपिडीसने इ.स.पू. ४३१ मध्ये ही कथा रंगभूमीवर आणली. तेव्हापासून मेडिया म्हटलं की पोटच्या पोरांवर शस्त्र उगारणारी आईच लोकांना आठवते.

रेम्ब्रांटने तो प्रसंग घेतला नाही. त्याने निवडलेलं हे लग्न सिक्सच्या नाटकात रंगमंचावर घडतच नाही. पुस्तकाच्या चित्राने पुस्तकाबाहेर जावं, हे धाडसच. पण मला ते अगदी योग्य वाटतं. इथे अजून कुणाचं रक्त सांडलेलं नाही. अन्याय मात्र होतो आहे, आणि तोही विवाहाच्या देवतेसमोर. नंतरच्या छापांत चित्राखाली आलेल्या डच काव्यओळीही मेडियाचीच बाजू घेतात.

आता तो काळोख. एचिंग करताना तांब्याच्या पत्र्यावर मेण-राळेचा थर देतात आणि सुईने त्यावर चित्र काढतात. थर जिथे खरवडला जातो, तिथे आम्ल तांबं खातं. त्या चरांत शाई भरायची, वरची पुसायची आणि ओलसर कागद ठेवून पत्रा दाबयंत्रातून काढायचा. काळेपणा हवा तर रेषांवर रेषा चढवाव्या लागतात. रेम्ब्रांटने त्याला ड्रायपॉइंटची जोड दिली. यात आम्ल नाही. टोकदार सुईने थेट तांबंच ओरखडायचं. ओरखड्याशेजारी तांब्याची बारीक कड उभी राहते, शाई धरते आणि कागदावर मखमली काळोख उतरवते. ही कड दाबाखाली लवकर झिजते, म्हणून असे सुरुवातीचे छाप संग्राहकांना फार मोलाचे वाटतात. पत्रा जेमतेम २४ सेंटिमीटर उंच, तरी तो त्यावर पुन्हा पुन्हा काम करत राहिला. जुनोच्या डोक्यावरचा मुकुटसुद्धा मागाहून आला.

सिक्सशी मैत्री पुढेही टिकली. १६५३ मध्ये त्याने रेम्ब्रांटला १००० गिल्डर उसने दिले, आणि १६५४ मध्ये रेम्ब्रांटने रंगवलेलं त्याचं तैलचित्र आजही सिक्स घराण्याकडेच आहे.

रेम्ब्रांट १६३९ पासून ज्या घरात राहत होता, तिथे आता संग्रहालय आहे आणि त्याच्या एचिंग्जचा जवळजवळ संपूर्ण संग्रह त्यात आहे. एचिंग कसं करतात याचं प्रात्यक्षिकही तिथे दाखवतात. ॲमस्टरडॅमला जाणं झालं, तर तेवढा वेळ नक्की काढा.