समुद्रावर जायचे, पण कोणत्या वेळी?

पावसाळा सरला, हवा कोरडी झाली की घराघरांत मुलांचा हट्ट सुरू होतो, "या रविवारी समुद्रावर चला!" नोकरी-मजुरी करणाऱ्या कुटुंबाला आठवड्यातून एकच सुट्टी मिळते. ती सर्वांनाच सुखाची जावी असे आई-वडिलांना वाटते. परंतु घरात दोन वर्षांचे बाळ, आठ वर्षांचा मुलगा आणि चौदा वर्षांची मुलगी असेल, तर तिघांची गरज वेगवेगळी असते. बाळाला सावली आणि ओली वाळू पुरते. मधल्याला पाण्यात शिरायचे असते. थोरलीला लांबवर चालायचे असते, काही नवे पाहायचे असते.

अशा वेळी आपण "कोणता किनारा चांगला?" एवढेच विचारतो. खरे तर त्याआधी "पाणी किती वाजता चढते?" हे विचारले पाहिजे.

समुद्राला साधारण सव्वासहा तास भरती आणि तेवढीच ओहोटी असते. दोन्हींच्या वेळा रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकतात. कोकणात यासाठी एक सोपा हिशेब चालत आला आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा; तेवढ्या वाजता पूर्ण भरती. एकादशी असेल तर अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे सकाळी सव्वाआठच्या सुमारास भरती आणि दुपारी अडीचच्या सुमारास ओहोटी. यात शुभ-अशुभाचा काही संबंध नाही. ही चंद्र-सूर्याची ओढ आहे. हिशेब ढोबळ आहे, म्हणून नेमकी वेळ मोबाईलवर किंवा किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांकडून ताडून घ्यावी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते. त्या दिवशी पाणी जास्त चढते आणि जास्त ओसरते, त्यामुळे ओढही मोठी असते. लहान मुले बरोबर असताना ते दिवस टाळावेत.

मुंबईकरांसाठी अलिबागचे उदाहरण घेऊ. गेटवेहून लाँचने मांडवा आणि तिथून बसने अलिबाग. एकादशीच्या आसपासचा रविवार धरला, तर अकरापर्यंत पोहोचता येते. तेव्हा पाणी ओसरत असते. ओसरते पाणी माणसाला आत ओढते, म्हणून त्या वेळी कोणालाही डुंबू देऊ नये. वाळूत किल्ले करावेत, शिंपले वेचावेत. मात्र मुलांना खोल खड्डा खणून आत उतरू देऊ नये, वाळू ढासळते.

पाणी पुरेसे ओसरले की कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येते. शिवकालीन आरमाराचे हे ठाणे. आत तोफा आहेत आणि चोहोबाजूंनी समुद्र असूनही गोड्या पाण्याची विहीर आहे. मोठ्या मुलांना पालकांपैकी एकाने तिकडे न्यावे. वाट मोकळी झाली का, हे तिथल्या माणसांना विचारूनच निघावे आणि पाणी फिरण्याच्या आत परतावे. उशीर झाला तर वाट पाण्याखाली जाते. तोवर दुसऱ्या पालकाने बाळाला सावलीत निजवावे.

साडेतीननंतर पाणी हळूहळू चढू लागते, ऊनही उतरते. मुलांना पाण्यात खेळवायचे ते याच वेळी, आणि तेही मुलाच्या गुडघ्यापर्यंत. मोठ्या माणसाने समुद्राच्या बाजूला उभे राहावे. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. ते निमूटपणे खाली जाते. म्हणून "सगळेच पाहत आहेत" यावर विसंबू नये. अर्धा-अर्धा तास एकेकाने पहारा करावा आणि त्या वेळात मोबाईल पिशवीत ठेवावा. परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ सकाळीच विचारून ठेवावी.

घरात सगळीच मुले लहान असतील तर डहाणू-बोर्डीचा किनारा बरा. तो सपाट आहे आणि सुरूच्या झाडांची सावली आहे. काशीदची वाळू सुंदर, पण लाटा जोरदार. मालाडची आक्सा चौपाटी तर बुडण्याच्या घटनांसाठीच ओळखली जाते. गिरगाव-जुहूला मुलांनी वाळूतच खेळावे. पावसाळ्यात तेथे डंख करणारे जेलीफिशही येतात.

ही भीती वायफळ नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी मुरुडच्या समुद्रात बुडाले. शिकलीसवरलेली तरुण मुले होती ती. कोणी बुडताना दिसले तर आपण उडी घेऊ नये. दोर, रिकामा डबा किंवा फुगवलेली ट्यूब फेकावी, जीवरक्षकाला हाक मारावी आणि ११२ वर फोन करावा.

शेवटी एक गोष्ट. पुष्कळ घरांत सहलीला गेल्यावर आई पिशव्या सांभाळते आणि थोरली मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन दिवसभर उभी असते. मुलगा तेवढा पाण्यात! ही सहल तिचीही आहे. तिच्या वाट्याला किल्ला आणि पाणी दोन्ही यावे, म्हणून बाळाची पाळी वडिलांनीही घ्यावी. भाकरी-चटणीचा डबा, भरपूर पाणी, टोप्या आणि कोरडे कपडे एवढी तयारी पुरे. खर्च थोडाच आहे. आधी बसून वेळ तेवढी ठरवायची आहे.